दोन वाजून दहा मिनिटं

“मी बोलणार नाही. तुम्हीही मला काही विचारायचं नाही. मी इथे नाहीच असं समजा आणि रोजच्यासारखं काम करा,” डॉ. हेमांगी रणदिवे म्हणाल्या आणि माझ्या पत्र्याच्या केबिनमधल्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या.

त्या नाहीतच असं कसं समजायचं? पंचावन्नच्या आसपासची बाई, करडे केस मागे घट्ट बांधलेले, मांडीवर छोटी वही आणि हातात टोक केलेली शिसपेन्सिल. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी रात्री नीट झोपले नव्हते. चहाचा वासही नको झाला होता.

याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीसची होते. पाटणच्या डोंगरावर एका सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट खडकाळ माळावर, एक कंपनी पवनचक्क्या उभ्या करत होती आणि मी तिथली हवामानाची बाई होते. काम सांगायला सोपं. रोज सकाळी साडेसहाला दिवसभराच्या वाऱ्याचा अंदाज लिहून द्यायचा. पवनचक्कीचं एक पातं चाळीस मीटर लांब असतं. ते क्रेनने ऐंशी मीटर वर चढवायचं. वारा सेकंदाला दहा मीटरच्या वर गेला की पातं उचलायचं नाही. माझ्या कागदावर ‘चालू’ लिहिलेलं असलं की चाळीस माणसं कामाला लागत, ‘बंद’ असलं की पत्ते खेळत.

पण मी नोंदणीकृत हवामानतज्ज्ञ नव्हते. ती नोंदणी आमच्या व्यवसायाचं मंडळ द्यायचं. एम.एस्सी.नंतर दोन वर्षांचं काम दाखवायचं, अंदाजांची वही द्यायची आणि मग परीक्षक एक अख्खा दिवस तुमच्या शेजारी बसून तुम्हाला काम करताना बघायचा. जूनपासून कंपनीला फक्त नोंदणी झालेल्या माणसाचाच अंदाज चालणार होता. मी आदल्या वर्षी एकदा नापास झाले होते. या वेळीही नापास झाले असते तर पुढची तीन वर्षं अर्ज करता आला नसता आणि नोकरी तर महिन्याभरातच गेली असती. श्रीरामपूरला माझी आई सगळ्या गल्लीला सांगत होती की आमची ज्योत्स्ना वाऱ्याची साहेब आहे. वाऱ्याची साहेब वाऱ्यावर पडणार, हे तिला कसं सांगायचं याचीही मी तयारी करून ठेवली होती.

नापास का झाले, तेही सांगते. आमच्याकडे एक रीत आहे. एकदा लिहिलेला अंदाज खोडायचा नाही. हवा बदलली तर खाली नवी ओळ लिहायची, वेळ टाकायची आणि सही करायची. याला ‘सुधारणा’ म्हणतात. माझ्या पहिल्या वहीत चाळीस दिवसांत सतरा सुधारणा होत्या. मला वाटत होतं, बघा किती लक्ष ठेवून आहे ही मुलगी. मंडळाच्या पत्रात एकच वाक्य आलं : ‘अंदाजात वारंवार फेरफार, निर्णयात ठामपणा आढळला नाही.’

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढच्या सहा महिन्यांत मी फक्त दोन सुधारणा केल्या. अंदाज चुकला तरी चालेल, पण हात हलायला नको, असं मनाला शिकवून टाकलं. आणि गंमत म्हणजे ते जमलंही.

त्या दिवशी मे महिन्याची अकरा तारीख होती. मी आकडे पाहिले, नकाशे पाहिले आणि साडेसहाला कागद लिहिला. ‘वारा पश्चिमेकडून, सहा ते आठ मीटर. दुपारी पूर्वेला लांब गडगडाटी ढग. सड्यावर परिणाम नाही. संध्याकाळी चारपर्यंत काम चालू.’

पाठीमागे पेन्सिल चार शब्द चालली आणि थांबली. कोणते चार शब्द, या विचारात माझा पुढचा तास गेला.

कागद न्यायला इनामदार आले. अस्लम इनामदार उचलणीच्या कामाचे मुख्य होते, साताऱ्याचे, आवाज असा की वायरलेस नुसता शोभेला.

“काय मॅडम, आज चालू ना? दोन पाती राहिलीत. आज एक चढवतो, उद्या एक. परवा सगळे घरी.”

“चालू,” मी म्हणाले.

“या कोण?”

“मी इथे नाहीये,” डॉ. रणदिवे म्हणाल्या.

इनामदारांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद घेऊन निघून गेले.

सकाळ तशी सरळ गेली. अंदाज अगदी बरोबर होता. वारा मोजायच्या खांबावरचे आकडे दर दहा मिनिटांनी माझ्या लॅपटॉपवर येत. सात, साडेसात, सात. प्रत्येक आकड्याला माझा जीव थोडा भांड्यात पडायचा. बारापर्यंत पात्याला पट्टे बांधून झाले आणि दोन्ही टोकांना लांब दोऱ्या बांधल्या. या दोऱ्या खाली माणसं धरून उभी राहतात, म्हणजे वर जाताना पातं गिरकी घेत नाही. एका दोरीवर धाकू झोरे होते. चाळिशीचे गवळी धनगर, याच सड्यावर वाढलेले. पवनचक्क्या आल्या तेव्हा म्हसरं भावाकडे देऊन कामाला लागले होते. येता-जाता मला “ताई, आज काय म्हनतोय वारा?” असं विचारायचे. मी जणू वाऱ्याशी फोनवर बोलते, अशा थाटात.

दीडला डबा उघडला आणि दोन घास खाऊन बंद केला. दोनच्या सुमाराला वारा पडला. सड्यावर वारा कधी पडत नाही. कान सुन्न झाल्यासारखे वाटले. इनामदार लांबूनच ओरडले, “मॅडम, वारा झोपला! उचलतो आता!”

लॅपटॉपवर आकडा आला : दोन मीटर. दहाच्या मर्यादेला दोन. कागद ‘चालू’ म्हणत होता. मी हात वर केला. दोन वाजून पाच मिनिटांनी पातं जमिनीवरून सुटलं. वर, पवनचक्कीच्या डोक्यात, दोन माणसं बोल्ट घेऊन वाट बघत होती.

केबिनचं दार पश्चिमेला होतं. मी बाहेर आले, केबिनला वळसा घातला आणि पूर्वेकडे पाहिलं.

सकाळपासून लांब उभा असलेला ढग आता उभा नव्हता. तो वरून पसरला होता आणि त्याचं पोट काळंनिळं झालं होतं. ते मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हती ती त्याच्याखालची गोष्ट. खालच्या खोऱ्यात, गावांच्या पलीकडे, जमिनीला चिकटून एक तांबूस पट्टी होती. धुळीची. मी बघत असतानाच तिने एक देऊळ गिळलं.

मला ते काय आहे ते कळलं. शंका नव्हती. ढगातली गार हवा खाली आपटते आणि जमिनीवरून चारी बाजूंना धावत सुटते. तिच्यापुढे धूळ धावते, आणि ती यायच्या आधी नेहमीचा वारा पडतो. एम.एस्सी.च्या पेपरात मी याची आकृती काढली होती आणि दहापैकी नऊ गुण घेतले होते. सवयीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

पातं तेव्हा जमिनीपासून दहा-बारा मीटरवर होतं. ‘खाली घ्या’ एवढे दोनच शब्द पुरले असते. पाच मिनिटांत ते परत लाकडी ठोकळ्यांवर आलं असतं.

मी वळले. डॉ. रणदिवे केबिनच्या कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या. आकाशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि पेन्सिल कागदाला टेकली होती.

आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. भीती वाटत होती, पण कशाची वाटत होती ते ऐका. ‘सड्यावर परिणाम नाही’ असं सकाळी मी स्वतः लिहिलं होतं. आता त्याच्या बरोबर उलट ओळ, तीही परीक्षकासमोर, तीही वारा दोन मीटर असताना. ‘अंदाजात वारंवार फेरफार.’ ते वाक्य मला डोळ्यांसमोर छापलेलं दिसत होतं. आणि पट्टी डोंगर चढलीच नाही तर? खोऱ्यातच विरली तर? कुणाचा ट्रॅक्टर असेल तर? देवळाएवढा उंच ट्रॅक्टर! पण घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. मी स्वतःला सांगितलं, दोन वीसचा आकडा येऊ दे. त्यात काही दिसलं तर आकड्याचा आधार घेऊन सुधारणा लिहू. नुसत्या डोळ्यांवर नको.

मी केबिनमध्ये जाऊन लॅपटॉपसमोर बसले. बाहेर इनामदार “चढू द्या, चढू द्या” म्हणत होते. ती दहा मिनिटं मी काय केलं ते मला नीट आठवतं. मी काहीच केलं नाही. एकदा उठले, परत बसले. पुन्हा मागे जाऊन पूर्वेकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, कारण पट्टी जवळ आलेली दिसली असती तर बोलावं लागलं असतं.

दोन वीसचा आकडा आला. वारा तीन मीटर, दिशा आग्नेय. दिवसभर पश्चिमेकडून येणारा वारा उलटा फिरला होता. तो आकडा मी दोनदा वाचला. मग कागद ओढला, सुधारणा लिहिली, वेळ टाकली, दोन बावीस, आणि दारातून ओरडत सुटले.

“खाली घ्या! इनामदार, खाली घ्या! पूर्वेकडून येतंय!”

पातं साठ मीटरवर होतं.

इनामदारांनी एकही प्रश्न विचारला नाही. वरच्या दोघांना आत बसून कमरेचे पट्टे लावायला सांगितलं आणि क्रेनवाल्याला खाली घ्यायला. चाळीस मीटर लांबीची वस्तू झटकन खाली येत नाही. ती सावकाशच येते. पन्नास मीटर. चाळीस. तोपर्यंत सड्याच्या पूर्वेच्या कडेवर धूळ वर आली. आधी तिचा आवाज आला, मग गार हवा तोंडावर आपटली आणि मग काही दिसेना. पत्र्याच्या केबिनचं दार निखळून गेलं. मी खाली बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. “दोऱ्या सोडा! दोऱ्या सोडा!” असं इनामदारांचं ओरडणं ऐकू येत होतं. मग काहीतरी मोठं मोडल्याचा आवाज आला आणि त्यात एका माणसाचा आवाज होता.

नंतर वाऱ्याच्या खांबाची नोंद पाहिली तर झोत एकोणीस मीटरचा होता. सगळं मिळून सहा मिनिटं चाललं. मग चार थेंब पडले आणि ऊन आलं.

पातं जमिनीवर आडवं होतं, मधोमध मोडलेलं. वरचे दोघे धडधाकट होते. तिघांनी दोऱ्या वेळेवर सोडल्या होत्या. धाकू झोऱ्यांच्या मनगटात दोरीचा पीळ अडकला होता. पात्याने त्यांना तीस-चाळीस फूट जांभ्या खडकावरून फरफटत नेलं होतं. त्यांच्या उजव्या हाताकडे मी एकदाच पाहिलं.

गाडीत घालताना इनामदार सगळ्यांना मोठ्याने सांगत होते, “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती! मॅडम ओरडल्या म्हणून! साठ मीटरवरून आलं असतं तर एकही राहिला नसता!” चार-पाच जण माझ्याकडे वळून बघत होते. सड्यावर म्हसरं राखणारा धाकूंचा भाऊ धावत आला होता, त्याने माझ्यापुढे हात जोडले. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

पाच वाजता डॉ. रणदिवेंनी तोंड उघडलं.

“आता दिवस संपला. आता मी इथे आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहराही उतरला होता. त्यांनी बॅगेतून मंडळाचा फॉर्म काढला. “सुधारणेचे दोन रकाने भरा. कधी लक्षात आलं आणि कधी कळवलं.”

पेन हातात घेतलं तेव्हा माझ्या मनात काही चाललं नव्हतं. डोकं रिकामं होतं. ‘कधी कळवलं’मध्ये मी २.२२ लिहिलं. मग ‘कधी लक्षात आलं’मध्ये लिहिलं २.२१.

त्यांनी वाचलं आणि त्या पहिल्यांदाच हसल्या, थकलेलं हसू.

“एका मिनिटात कळवलंत. ज्योत्स्ना, तीस वर्षांच्या नोकरीत मीही याहून लवकर कळवलं नसतं. दिशा फिरलेली दिसली आणि तुम्ही क्षणभर थांबला नाहीत. गेल्या वर्षीच्या मंडळींनी तुम्हाला ठामपणा नाही म्हटलं होतं, मी वाचलंय. त्यांना मी हे दाखवणार आहे. नव्या उमेदवारांनाही दाखवू.” त्यांनी सही केली. “अभिनंदन म्हणायचा दिवस नाही. पण झालं तुमचं.”

झालं माझं! दोन वर्षं ज्या दोन शब्दांची वाट पाहिली ते आले, ते त्या २.२१ वर. तरी मी “थँक यू मॅडम” म्हणाले. तेही मी म्हणाले.

त्यांना कऱ्हाडहून गाडी होती आणि धाकूंना कऱ्हाडलाच नेलं होतं. आम्ही एकाच जीपमधून खाली उतरलो. दवाखान्यापाशी पोहोचलो तेव्हा सात वाजले होते. “तुम्ही भेटून या, मी बाहेर बसते,” डॉ. रणदिवे म्हणाल्या.

धाकू जागे होते. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये होता. दोन बोटं काढावी लागली होती, भावाने दारातच सांगितलं. मला बघून ते उठायला लागले.

“पडून राहा, पडून राहा,” मी म्हणाले.

“या ताई. बसा. च्या सांगतो.”

“नको हो चहा.”

“आवं, तुमच्यामुळं वाचलो. समदी तेच म्हनत्यात.”

मी कॉटच्या कडेला हात टेकून उभी राहिले. इथून पळून जावं असं फार वाटत होतं. पण जे आतापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

“धाकूभाऊ, मला आधीच कळलं होतं. पातं नुकतं उचललं होतं तेव्हाच. धूळ दिसली होती मला.”

ते रागावतील, भाऊ अंगावर येईल, असं वाटून मी अंग आखडून घेतलं. धाकूंनी नुसती मान हलवली.

“मला बी कळलं व्हतं, ताई.”

“काय?”

“वारा पडला न्हवं का? म्हसरं राखल्याली मानसं आमी. वैशाखात सड्यावर वारा पडला की म्हसरांस्नी घिऊन दरीत उतरायचं, मागं बघायचं न्हाई. आमचा आजा सांगायचा. म्या उगवतीकडं बघितलं, तर धूळ.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही?” मी विचारलं. मी, त्यांना, विचारलं.

धाकू थोडे ओशाळले. चूक आपली आहे, असं वाटणारा माणूस ओशाळतो तसे.

“तोंडापतुर आलं व्हतं बगा. दोरी सोडून इनामदारसायबाकडं जानारच व्हतो. तवर तुमी केबिनीच्या मागं आलासा. तिकडंच बघत व्हतासा. म्या तुमच्याकडं बघत ऱ्हायलो. म्हनलं, ताईला बी दिसतंय. आता ताई बोलंल. पर तुमी गप आत गेलासा. मंग म्हनलं, ताई एवढी शिकल्याली, परीक्षा दिल्याली. ती गप हाय, म्हंजी ते काय नसंल. आपलंच चुकत आसंल. म्हनून दोरी परत घट धरली.”

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. धाकूंनी डाव्या हाताने माझा हात थोपटला, लहान पोरीचा थोपटावा तसा.

“जाऊ द्या. घाबरू नगासा.”

मी बाहेर आले. डॉ. रणदिवे बाकावर बसल्या होत्या, बॅग मांडीवर.

“बरे आहेत का?”

“मॅडम, फॉर्म परत द्या.”

“का? सही झालीय त्यावर.”

“पहिली वेळ चुकीची आहे. दोन एकवीस नाही. दोन दहा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मनातल्या मनात त्यांनी वजाबाकी केली ते मला दिसलं. दोन दहाला त्या कुठे उभ्या होत्या आणि कुणाचं तोंड बघत होत्या, तेही त्यांना आठवलं असावं. त्यांचा हात बॅगेच्या चेनवर तसाच राहिला.

“हे लिहिल्यावर तुमचं काय होईल, माहीत आहे ना तुम्हाला?”

“हो.”

“आणि ही वेळ मी कुणालाच सांगितली नाही, तर?”

आतून धाकूंचा आवाज येत होता, ते भावाला म्हणत होते की ताईला चहा तरी द्यायला हवा होता. मी हात पुढे करून उभी राहिले. शेवटी त्यांनी चेन उघडली आणि फॉर्म माझ्या हातात दिला.